जिवंत आहे तोवर जा

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या कोम बहीज गावाचे उमदा, म्हणजे गावप्रमुख, हाजी मिहरान. आरोग्य खात्यातर्फे एवढ्या उन्हात सोहागहून आलेले डॉक्टर लबीब. नेहमीप्रमाणे एकमेकांच्या शेजारची खुर्ची पकडून बसलेले मशिदीचे शेख अव्वाद आणि चर्चचे अबूना बिशोई. सलोखा मंडळातले माझे उरलेले दोन सहकारी. पंख्याखाली जागा मिळालेल्या आणि न मिळालेल्या माझ्या बंधूंनो, पडद्यापलीकडच्या माता-भगिनींनो. आणि आजच्या सत्कारमूर्ती हकीमा इन्शिराह, आपणा सर्वांना या रिफाई मास्तराचा सलाम.

मला दहा मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं मी या गावाला भूगोल शिकवला, तेव्हा दहा मिनिटांत माझं फक्त फळा पुसून होतं, हे माझे विद्यार्थी सांगतील. तरी प्रयत्न करतो. हकीमांची गाडी सहाची आहे.

एकतीस वर्षं त्या आपल्या दवाखान्यात परिचारिका होत्या. या सभागृहातल्या अर्ध्या दंडांवर त्यांनी टोचलेल्या लसीचा वण आहे. त्याबद्दल डॉक्टरसाहेब बोललेच, मानपत्रातही ते आलं आहे. मानपत्रात नाही ते मी सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी आपल्या गावात एका वर्षात सूडापायी पाच माणसं मारली गेली. तेव्हा आम्ही आठ जणांनी मंडळ काढलं. सात पुरुष आणि या एक. आम्ही पुरुषांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं की, खून झाला की दोन्ही घरांकडे शिष्टमंडळ न्यायचं. हकीमा कोपऱ्यातून म्हणाल्या, "मेलेल्याच्या घरी सगळेच जातात, मास्तर. माणूस जिवंत आहे तोवर जा."

आम्हाला ते तेव्हा बायकी बोलणं वाटलं. पण मंडळाचं सगळं काम त्या एका वाक्यावर चाललं. भांडण झालं, शिवी गेली, कुणाचा अपमान झाला, की सूर्य मावळायच्या आत दोन माणसं या घरी आणि दोन त्या घरी जाऊन बसायची. उपदेश करायचा नाही. चहा मागायचा, घरातल्या म्हाताऱ्याची चौकशी करायची, बसून राहायचं. तीन दिवस. पाहुणा ओसरीवर बसलेला असताना आपल्या सईदमध्ये, या दक्षिण इजिप्तात, कुणी बंदूक घेऊन घराबाहेर पडत नाही. लाज वाटते. त्या लाजेवर आम्ही अठरा वर्षं काढली.

ते लग्न आठवतं का तुम्हाला? वरातीत हवेत झाडलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीला लागली, आणि घटकाभरात चौदा माणसं अंगणात बंदुका घेऊन उभी राहिली. आम्ही पोचलो तर हकीमा आधीच तिथे, पायरीवर, रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन. म्हणाल्या, "जायचं तर जा बाबांनो, पण एकेकाचा दाब बघून सोडते. वाटेत कुणी पडलं तर बोल मला लागेल." पहिले पुढे आले ते त्या घरातले सर्वांत थोरले. दंडाला पट्टा बांधायचा तर हातातलं खाली ठेवावंच लागतं. त्यांनी ठेवलं.

"एकशे नव्वद. काका, असे निघालात तर समोरच्याला गोळी वाया घालवावी लागणार नाही."

कुणीतरी हसलं. चौदा दंड मोजून होईपर्यंत मुलीकडच्यांनी जेवणाची पानं मांडली होती. ते काका आज इथे बसले आहेत, मान खाली घालून हसत आहेत, म्हणून नाव घेत नाही.

अशी बेचाळीस भांडणं आम्ही अडवली. न झालेल्या खुनांचा कुणी सत्कार करत नाही, कारण न मेलेली माणसं आपल्या आपल्या कामाला निघून जातात. त्यांना ठाऊकही नसतं.

आता पुढचं बोलतो. मानपत्रात लिहिलं आहे की, 'कौटुंबिक कारणामुळे' हकीमा गाव सोडून पोर्ट सईदला भावाकडे जात आहेत. कौटुंबिक कारण म्हणजे काय, हे या दालनात कुणाला माहीत नाही? आणि तरी आपण टाळ्या वाजवल्या. उमदासाहेब, मला बोलू द्या. मी मुद्द्यावरच आहे.

अकरा महिन्यांपूर्वी कालव्यावरच्या पंपाशी पाण्याच्या पाळीवरून हकीमांचा थोरला मुलगा खलफ आणि रश्वान नस्सार यांची बाचाबाची झाली. खलफने पायातली चप्पल काढून रश्वानला चारचौघांत मारली. चूक खलफची होती. हकीमांनी स्वतः ते बोलून दाखवलं, म्हणून मी बोलू शकतो. ही मंगळवारची गोष्ट.

बुधवारी सकाळी रश्वान शहाता न्हाव्याकडे दाढीला बसला. बाकावर दोघंतिघं चपलेवरून काहीबाही बोलले, हसले. रश्वान अर्धी दाढी झालेली असताना उठला, गळ्यातलं फडकं काढून घडी करून ठेवलं आणि निघून गेला. शहाता दुकान उघडं टाकून एका माणसाकडे धावत गेला. म्हणाला, "मास्तर, अर्ध्या दाढीनं उठलेला माणूस मी दोनदाच पाहिलाय. पहिल्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. हकीमाला सांगा. मंडळाला सांगा. आत्ता."

होय. तो माणूस मी.

मी म्हणालो, "सांगतो रे." मग विचार केला, गोष्ट खुद्द तिच्याच मुलाची, आईला कशाला घाबरवायचं? नीट सवडीने, शब्द निवडून सांगू. शिवाय दुसऱ्या दिवशी शाळा तपासनीस माझ्याकडे जेवायला येणार होते. घरात कबुतरांत मसालेभात भरायचं चाललं होतं, बैठकीच्या गाद्यांना खोळी चढवायच्या होत्या. मी स्वतःला म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी जाऊ.

गुरुवारी तपासनीस जेवले. करकदेच्या सरबताचा दुसरा पेला भरत होतो तेव्हा कालव्याच्या बाजूने आवाज आला. एकच. तपासनीसांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का?" मी म्हणालो, "नाही."

शहाताने हे अकरा महिने कुणाला सांगितलं नाही. मी मागितलं नव्हतं, पण त्याने ही कृपा केली, आणि त्या कृपेखाली मी रोज चिरडला गेलो. हकीमा, हे तुम्हाला तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. मी येत होतो. दारापर्यंत येऊन परत जात होतो. आज तुम्ही निघालात, आता दारच राहणार नाही, म्हणून भरसभेत सांगतो आहे. यात शौर्य नाही, हे मला कळतं.

रश्वानला पोलिसांनी त्याच संध्याकाळी धरलं. पण आपल्याकडे सूड तुरुंगातल्या माणसावर थांबत नाही. घरातलं सर्वांत चांगलं माणूस निवडलं जातं. नस्सारांकडे ते कोण, हे सांगायला नको. रश्वानचा धाकटा भाऊ नाजिह, गुरांचा डॉक्टर. तुमच्यापैकी कुणाच्या म्हशीला त्याने अवघड वेळी हात दिला नाही?

हकीमांचे दीर अब्दुलनईम म्हणाले, "सांत्वन स्वीकारायचं नाही. मांडव घालायचा नाही. बदला झाला की रडू." त्यांनी खलफचा धाकटा भाऊ बखीत याच्या हातात बंदूक दिली. आणि हकीमांनी काय केलं? दवाखान्यातल्या सहा खुर्च्या स्वतः डोक्यावरून वाहून आणल्या, घरासमोर रस्त्यावर मांडल्या, आणि सांत्वन घ्यायला एकट्या बसल्या. आपल्या सईदमध्ये बाईमाणूस असं बसल्याचं कुणी ऐकलं आहे का? सांत्वन घेणं म्हणजे सूड सोडला, हे अख्ख्या गावासमोर सांगणं.

दीर समोर येऊन म्हणाले, "बाई, तुझं दूध नासलं."

त्या म्हणाल्या, "एक गेला, भाऊजी. दुसरा तुमच्या हाती द्यायला पाजलेला नाही. बसायचं तर बसा, चहा सांगते."

ते बसले नाहीत. तीन दिवसांत त्या सहा खुर्च्या एकदाही भरल्या नाहीत. शेख आले, अबूना आले, शहाता आला. मीही जाऊन बसलो. माझ्यासारखा माणूस तिथे बसला, आणि हकीमांनी मला चहा दिला.

त्यानंतर अकरा महिने त्यांनी दोन दारं राखली. दुपारपर्यंत नस्सारांच्या ओसरीवर, म्हणजे ज्यांनी मुलगा मारला त्यांच्या ओसरीवर. आणि मग स्वतःच्या घरात बखीतसमोर. आम्ही दोनदा कफनाचा दिवस ठरवला. नाजिहने हातावर कफन घेऊन भरगर्दीत यायचं आणि खलफच्या घरच्यांनी त्याला माफ करून ते परत द्यायचं. नाजिह तयार होता. दोन्ही वेळा अब्दुलनईम आलेच नाहीत. मग मंडळातले लोक गळत गेले. कुणाला धमकी आली, कुणाचा मुलगा म्हणाला, बाबा, आता पुरे. आठातल्या हकीमा आणि आम्ही तीन पुरुष राहिलो. गेल्या महिन्यात बखीत दोनदा कालव्याच्या बांधावर बंदुकीसह सापडला. दोन्ही वेळा हकीमांनीच गाठला. दुसऱ्या वेळी तो आईला म्हणाला, "रोज कुणी ना कुणी मला बांगड्या दाखवतं, आई. मी किती दिवस न ऐकल्यासारखं करू?"

ते दाखवणारे आज इथे बसले आहेत. छान कपडे घालून आले आहेत.

तेव्हा हकीमा मला म्हणाल्या, "मास्तर, आता दोन दारं जमत नाहीत. मी माझं राखते. त्याला इथून घेऊन जाते. दुसरं तुम्ही राखा." मी मान हलवली. पण कुणाच्या बळावर हलवली?

कारण आज दुपारच्या नमाजानंतर अब्दुलनईम मशिदीच्या पायरीवर काय म्हणाले, ते चौघांनी ऐकलं आहे: "बाई जाऊ दे. मग आपण मोकळे." अब्दुलनईम, तुम्ही शेवटच्या रांगेत आहात, दाराजवळ. मी तुम्हाला भूगोल शिकवला आहे. मी तुम्हाला दोष द्यायला उभा नाही; तुमचा पुतण्या माझ्या एका जेवणावळीपायी गेला. कुणावर सूड घ्यायचाच असेल तर नाजिहपेक्षा माझा दोष मोठा आहे. मी सापडायलाही सोपा आहे. गुडघ्यांमुळे पळता येत नाही.

नाजिहची तीन मुलं अकरा महिने शाळेत गेलेली नाहीत. मधली मला खिडकीतून विचारते, "मास्तर, आता कुठला धडा चालू आहे?"

माझ्याजवळ कसली योजना नाही. हा कार्यक्रम संपला की मी जेवायला थांबणार नाही, थेट नस्सारांच्या ओसरीवर जाऊन बसणार आहे. आज, उद्या, जितके दिवस लागतील तितके. मंडळातले दोघे येतील. तीन म्हाताऱ्यांना ओलांडून जाणं अवघड नाही, हे मला कळतं. तीस माणसांना ओलांडणं अवघड आहे. या दालनात दोनशे माणसं आहेत. मी हात जोडतो. मानपत्र देऊ नका, शाल देऊ नका, माणसं द्या. एक दिवसाआड या. झोपायला या. भांडायला या, पण त्या ओसरीवर येऊन भांडा.

शहाता उभा राहिला आहे. बसू नकोस, शहाता. ते रक्तदाबवाले काकाही उठले. शेख, अबूना, तुम्ही दोघे नेहमी सोबत असता, उठा सोबतच. बाकीचे खाली का बघत आहेत?

हकीमा, तुम्ही नका उठू. नाही, तुम्ही नाही. बखीत बाहेर सामानापाशी उभा आहे, सभा संपली की त्याच्याजवळ जा. गाडीत तो झोपेपर्यंत त्याचा हात सोडू नका. तुम्ही एकतीस वर्षं आमचं ऐकलंत, आज एवढं ऐका. बसा. मी विनवणी करतो.

आता आभार. अध्यक्षांचे, ज्यांनी मला अडवलं नाही. डॉक्टर लबीब यांचे, ज्यांना असं काही ऐकावं लागेल याची कल्पना दिली नव्हती. युवक केंद्राचे, जेवण रांधणाऱ्या भगिनींचे. ते गरम आहे तोवर ज्यांना जेवायचं असेल त्यांनी खुशाल जेवावं, माझा राग नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान दुखावला असेल, तर तो म्हातारपणाचा दोष समजून पोटात घालावा. हकीमांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. मागितली तर त्या देतील, आणि मग मला ओसरीवर बसायचं कारण उरणार नाही.

मी निघतो. कुणीतरी दार उघडा.