भिंतीवरचा समुद्र
मले समुद्राचे जुने नकाशे जमवाचा नाद हाय, हे तं तुमाले माईतच हाय. परवा त्यातला एक फ्रेम करून बैठकीत टांगला. आमच्या वावराले लागून ज्यायचं शेत हाय, ते नामदेवकाका आले, अन् त्या रेघा, ते आकडे पाहून त्यायचा चेहराच उतरला.

“सरकारी मोजणी आणली काय बे?”

“नाही काका, समुद्र हाय हा. आकडे म्हंजे पाण्याची खोली.”

“मले येडा समजतं? घाटंजीत समुद्र?”

काठी आपटून उठले, चहा तसाच टाकून. आता धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, डोके फुटतात!

सकाळी भीत भीत वावरात गेलो. पाहतो तं धुऱ्यावरचा हद्दीचा गोटा रातोरात चांगला हातभर काकायच्या शेताकडं मागं गेलता. तो माह्याकडं सरकलता कवा, हे मले आतापर्यंत माईतच नव्हतं!