मान न हलवणारा सरडा

नौपाड्यात जनावरांच्या डॉक्टरकडे मंजुळा कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या म्हातारीच्या टोपलीत चक्क सरडा बघून तिला राहवेना.

"मावशी, याला काय झालं?"

"कालपासनं मान हलवत नाय."

"थंडीनं सुस्तावला असेल. खातो का?"

"झुरळं मटकावतो. उन्हात बसला का तांबडाही होतो."

"डोळेही टकटकीत आहेत. ठणठणीत आहे की!"

"ठणठणीत कसला? पोरीचं लगीन ठरवू का इचारलं, मान हलवली. रिक्षा घेऊ का इचारलं, मान हलवली."

"मग काल काय विचारलंत?"

"खाडीकाठची जमीन बिल्डरला देऊ का. चारदा इचारलं गो, नुसता बघत बसला."

"मग मावशी, त्याचं म्हणणं..."

"पोरं म्हणतात, आजारी हाये. संध्याकाळी सह्या हायेत, तोवर बरा करून आण."