बोक्याचं नाव

ताई : म्हणजे चौकशीत तू माझं नाव घेणार. सरळ सांग ना.

धाकटी : नाव घेईन असं मी कुठे म्हटलं? विचारलं तर खोटं बोलणार नाही, एवढंच म्हटलं.

ताई : एकूण एकच.

धाकटी : एकच नाही. चहा निवला तुझा.

ताई : राहू दे. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर कोणीतरी हॅक केल्यापासून माझ्या घशाखाली काही उतरत नाही. आणि थोड्या वेळात तू तिथे समितीपुढे बसणार. अगं, एक उत्तर बदललं मी. एकच!

धाकटी : त्या टूलमध्ये उत्तरंच असतात, ताई. दुसरं असतं काय? वेबसाइट उघडायची, सॉफ्टवेअरमध्ये कुठली फट सापडलीय ते टाकायचं. मग ती विचारते, बाहेरचा माणूस या फटीपर्यंत पोचू शकतो का? त्या फटीतून घुसायची युक्ती आधीच कोणी जगजाहीर केलीय का? त्यावरून सांगते, इथून उद्याच कोणी घुसेल की वर्षभर ढुंकूनही बघणार नाही. लॅबच्या सर्व्हरसाठी मी भरलं, तेव्हा लाल आलं होतं. लालभडक.

ताई : मला शिकवू नकोस. ते टूल या डिपार्टमेंटमध्ये मी आणलंय.

धाकटी : नियमही तूच केलास. लाल आलं की त्याच दिवशी मशीन बंद करून दुरुस्ती. पिवळं आलं तर महिनाअखेरीला. मध्ये कोणाचं काही ऐकायचं नाही, अगदी डीनचंसुद्धा. केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतंस आम्हाला.

ताई : दुसऱ्या दिवशी लॅबच्या मान्यतेसाठी तपासणीवाले येणार होते! त्यांना काय बंद लॅब दाखवायची? वर्षभर राबलो होतो आपण त्यासाठी.

धाकटी : म्हणून 'बाहेरून पोचता येतं का?' याचं माझं 'हो' काढून 'नाही' केलंस. झालं पिवळं.

ताई : एका दिवसापुरतं. तपासणी झाली की परत 'हो' करणार होते.

धाकटी : मग?

ताई : विसरले.

धाकटी : विसरलीस.

ताई : हो, विसरले! ते लोक कौतुक करून गेले, इकडे पिल्लूचा ताप उतरेना, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माणूस आहे मी.

धाकटी : दुसऱ्या कोणी 'नाही' केलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला माहीत नसेल. पण बाहेरून यायचा तो रस्ता तूच उघडून दिला होतास. डॉक्टरांना घरबसल्या रिपोर्ट बघता यावेत म्हणून. तुझा सत्कार झाला होता त्याबद्दल.

ताई : टोमणे मारून झाले असतील तर ऐक. बदल तुझ्या लॉगिनवरून झालाय. घाईत चुकीचं उत्तर दिलं गेलं, एवढंच म्हण. तू नवी आहेस, समज देऊन सोडतील. मला घरी बसवतील गं. परत कोणी दारात उभं करणार नाही.

धाकटी : माझ्याच लॉगिनवरून का, ताई? तुझं होतं की.

ताई : मी दुसऱ्याचं उत्तर बदललं की टूल वरिष्ठांची मंजुरी मागतं. भरणाऱ्यानं स्वतःचंच सुधारलं, तर मागत नाही.

धाकटी : आणि पासवर्ड?

ताई : तो काय शोधायचा होता? आपल्या बोक्याचं नाव आणि जुन्या घराचा नंबर. शाळेपासून तोच लावतेस सगळीकडे. अख्ख्या हॉस्पिटलला पासवर्ड बदला म्हणून ओरडत फिरतेस, आणि स्वतः मात्र...

धाकटी : आता माझी चूक काढ. तेवढंच राहिलं होतं.

ताई : तसं नव्हतं म्हणायचं मला.

धाकटी : आणि तेव्हा मी कुठे होते असं विचारलं तर?

ताई : जागेवरच होतीस. हजेरीत तसंच आहे.

धाकटी : हजेरीत तसं आहे, कारण तू म्हणालीस, 'रजा टाकू नकोस, मी बघून घेते.' पिल्लूला ताप चढलाय, भावोजींना निघता येत नाही, तू जाऊन बस म्हणालीस. मी हातातलं काम टाकून पळाले. तू माझ्या खुर्चीत बसली होतीस ना, तेव्हा मी तुझ्या पोराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते.

ताई : ते ठरवून केलं नव्हतं. शपथ घेते. ताप खरा होता.

धाकटी : माहितीय मला, खरा होता. हात भाजत होता माझा. म्हणून तर जास्त लागलं.

ताई : फक्त समज मिळेल गं तुला. एक कागद.

धाकटी : माणूस गेलाय, ताई. हॅकर त्याच फटीतून घुसले, रक्ताचे रिपोर्ट उघडेनात, म्हणून त्याला दुसरीकडे हलवत होते. ॲम्ब्युलन्समध्येच गेला.

ताई : तो तसाही वाचला नसता. डॉक्टर स्वतः म्हणाले.

धाकटी : तुला म्हणाले असतील. त्याच्या मुलीला कोणी सांगितलेलं दिसत नाही. काल लॅबच्या खिडकीशी उभी होती. मला विचारते, 'मॅडम, बाबांचा रिपोर्ट आता तरी उघडतोय का?'

ताई : काय म्हणालीस?

धाकटी : काय म्हणणार? बघते म्हटलं. तोंड लपवून आत गेले. चोर असल्यासारखी.

ताई : आई गेली तेव्हा तू पाचवीत होतीस. रोज तुझी वेणी घालून मग मी कॉलेजला पळायचे. पहिला तास कधी मिळाला नाही मला.

धाकटी : काहीही विसरले नाहीये. मला वाटायचं, जगात सगळ्यांपासून लपवावं लागलं तरी एका माणसापासून नको. म्हणून तर तो पासवर्ड कधी बदलला नाही.

ताई : मग ठरलंय तुझं?

धाकटी : विचारतील तेवढं सांगणार. वाढवून नाही, वगळूनही नाही. त्यांनी विचारायच्या आधी तू स्वतः जाऊन सांगितलंस तर मला बोलावंही लागणार नाही.

ताई : ते नाही जमणार मला.

धाकटी : वाटलंच होतं.

ताई : पिल्लू विचारत होता. मावशी कधी येणार म्हणून.

धाकटी : त्याला मध्ये आणू नकोस.

ताई : बरं. चल, सोडते तुला गाडीनं.

धाकटी : नको. चालत जाईन.

ताई : एवढं तरी सांग. पासवर्ड बदललास?

धाकटी : सकाळीच.

ताई : काय ठेवलास?

(धाकटी चपला घालते, पर्स खांद्याला लावते.)

धाकटी : ऊठ, ताई. मला कुलूप लावायचंय.