लॅपटॉपचा पंचनामा

माझा लॅपटॉप बातमी लिहिताना मध्येच बंद पडायचा आणि पनवेलच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला की शहाण्यासारखा चालायचा. तिसऱ्या खेपेला इंजिनिअर म्हणाला, "काका, दोष दिसत नाही. आणि वॉरंटी उद्या संपतेय."

"मग दिसेपर्यंत इथेच बसतो." मी काउंटरवरच बातमी लिहायला घेतली. दोन तासांनी स्क्रीन काळी झाली.

"कोणी हात लावायचा नाही!" मी ओरडलो. तीस वर्षं क्राइम रिपोर्टिंग केलंय. रांगेतला कळंबोलीचा लोखंडवाला आणि एक शिक्षिका यांना पंच केलं, वेळ लिहून सह्या घेतल्या.

"काका, खून झालाय का?"

"मुद्देमाल तुझ्यासमोर आहे. तूही सही कर!"

त्याने केली. मदरबोर्ड वॉरंटीतच बदलून मिळाला. आता तोच इंजिनिअर तक्रार घेऊन येणाऱ्याला विचारतो, "पंच आणलेत का?"