सासूचं धान आन् समुद्राचा पाऊस

मी लांजीजवळच्या खेड्यातली, धानाच्या वावरातच वाढली, लग्न झालं तेही गावातल्या गावात, म्हणून सासूले मी लहानपणापासूनच भ्यायची. राज्यायची नवी वाटणी झाली, नागपूर आमच्या राज्यातून गेलं, त्याच्या मागं काही वर्षांनी सासू गेली, आन् जाता जाता माह्या गळ्यात नवस घालून गेली. आपल्या वावरातलं नवं धान रामेश्वराले पायी नेजो, तिथंच कुटजो, त्याचाच भात चढवजो. हौ म्हटलं. नाही म्हणायची हिंमत कोणाले होती?

दिवाळी झाली, धान घरी आलं, आम्ही दोघं नवराबायको निघालो. मद्रासपर्यंत रेल्वेनं, तेवढी सूट सासूनंच देल्ली होती, तिथून समुद्राच्या काठाकाठानं पायी. मी म्हटलं, अजी, छत्री घ्या. आता आमच्या ह्यायचं पावसाचं ज्ञान म्हणजे काय सांगू तुम्हाले, सारा गाव ह्यायले विचारून धान वाळू घाले. हे म्हणे, चूप वो, दिवाळीनंतर पाऊस कुठं राह्यते, थंडी पडन, रजाई घे. घेतली रजाई.

तिथं थंडी तं नाहीच बापा, घाम, आन् वरून पाऊस. आमच्याइथं आषाढात पडते तसा, ऐन कार्तिकात, समुद्रावरून आडवा. रजाई भिजून म्हशीएवढी जड झाली. मी विचारलं, हा कोणचा पाऊस? हे म्हणे, चुकून आला, उद्या जाते. रोज चुकून येऊन राह्यला, आन् हे आभाळाकडे असे पाहत, जसा पावसानंच ह्यायले दगा देल्ला.

एका गावात गाठोडं सोडलं तं धानाले पांढरे कोंब फुटलेले. मी मटकन बसली आन् रडली. कोंबाचं धान कुटाचं कसं? हे म्हणे, दुकानचे तांदूळ घेऊ, मायले काय समजते. मी म्हटलं, तुमच्या मायले न समजलेलं काही आहे का आजपर्यंत?

बाजूच्या वावरात पाहतो तं बाया रोवणी करून राह्यल्या. आमची कापणी झाली, त्यायची रोवणी! तिथला पावसाळाच दिवाळीच्या टायमाले लागते, हे तवा समजलं. त्यातली एक बाई आली, तिची बोली मले नाही, माही तिले नाही. तिनं कोंब पाह्यले, हसली, पदरात धान घेतलं आन् रोपासाठी बी फेकावं तसं सरळ चिखलाच्या वाफ्यात फेकलं. मी बोंबललीच. तं ती घरी गेली, स्वतःच्या वावरचे तांदूळ आणले, माह्या ओटीत टाकले. त्याचाच भात चढवला रामेश्वराले.

आता आम्ही दोघंही पिकलो. वर सासू विचारणारच, माहं धान कुठं? मी ह्यायले म्हणतो, माय तुमची, तुम्ही पहिले जाऊन सांगा. हे म्हणते, नवस तुह्या गळ्यात, तू जा. रोज हेच भांडण. म्हणून मी देवाले म्हणतो, बापा, घाई नको करू, दोघायलेही राहू दे.