मोरीतले शिपाई

ते अंतराळातल्या लढाईचे प्लास्टिकचे शिपाई मिळतात ना, वीतभर उंचीचे? माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या विनोदला त्यांचा लय नाद होता. नवाकोरा शिपाई आणायचा आणि लढून आल्यासारखा मळवायचा. ब्लेडने ओरखडे काढायचा, काजळी फासायचा, वर चाळलेली काळी माती चोळायचा. “काकू, लढलेला माणूस स्वच्छ असतो का?” असं मला विचारायचा.

तो पूर्णेच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला.

दहाव्याला रीतीप्रमाणे घर धुवायला काढलं. मी अंगणात चादरी धूत होते. आत येऊन बघते तर जाऊबाई मोरीत बसून साबणाने एकेक शिपाई घासत होत्या. काजळी, माती, रंग, सगळं पाण्याबरोबर वाहून चाललं होतं.

विनोदचा मित्र अनिल दारातच थांबला. “मावशी, हे काय करायलात? ते त्यानं...”

मी त्याचा हात दाबला.

“किती मळवलेत बघ रे,” जाऊबाई म्हणाल्या. “धुऊन ठेव म्हणून रोज ओरडायची मी. ऐकलं न्हाई कधी.”

कपाटात एक शिपाई उरला होता. त्याला विनोदचा हात अजून लागलाच नव्हता, दुकानातून आणला तसाच कोरा होता. जाऊबाईंनी तो उजेडात धरून फिरवून बघितला.

“ह्यो बघ. एक तरी धुतला की माझ्या लेकरानं.”

अनिल खाली बघत म्हणाला, “व्हय मावशी. माझ्यासमोरच धुतला.”