द्राक्षबागेतला हवालदार

हसू नका, पण आमच्या वर्गात पहिली नोकरी माझ्या बाहुल्याला लागली.

मी नाशिकला नाटकाचं नेपथ्य, कपडे आणि बाहुल्या करायला शिकते. आबांचं रोजचं एकच, "बाहुल्या शिकून नोकरी कुठं लागणार गं?"

परीक्षेसाठी मी कागदाच्या लगद्याचा माणसाएवढा हवालदार केला, मिशा-टोपीसकट. वाळावा म्हणून निफाडला आमच्या द्राक्षबागेत टांगला. परीक्षेच्या दिवशी सकाळी काढायला गेले, तर आबा आडवे आले.

"हात लावू नको! तीन दिवस झाले, बागेत एक पाखरू फिरकलं नाय."

"अहो आबा, आज परीक्षा आहे माझी!"

"मग मास्तरला इकडं बोलव."

रडतरडत सरांना फोन केला, तर सर खरंच आले. तेवढ्यात वारा सुटला, हवालदाराचा हात खाडकन वर गेला आणि सर दचकून दोन पावलं मागे सरले. तिथंच पैकीच्या पैकी मार्क दिले.

"आबा, आता तरी नेऊ का त्याला कॉलेजात?"

"तुला लागेल तेव्हा लागेल," आबा म्हणाले, "त्याची लागलेली कशाला घालवतेस?"